विचारून बांधलेली पाखाडी

३ ऑक्टोबर
हाताने केलेलं:
पाखाडी, जांभ्याची, १०७ पायऱ्या, रस्त्यापासून खाली सुपारीच्या वाडीपर्यंत. तीन हिवाळे. चिरा मीच काढला, मीच घडवला, मीच बसवला. खालून चौथी पायरी तिरकी, खाली खडक लागतो, दोनदा काढून पाहिली.
वाडीचा गडगा, दगडी, बिनचुन्याचा, कुठेही बोट शिरत नाही.
विहिरीचा कठडा.
पोफळींना पाणी जाणारे पाट.
राहतं घर, वर रस्त्याला, कौलं सोडून. दारं दोन, खिडक्या पाच.
भिंतीवरच्या फोटोची चौकट.
या वह्यांची बांधणी. आजवर बावीस, ही तेविसावी.
कुणाकडे शिकलो नाही.
लिहायचं कारण: आज सकाळी पाखाडीच्या तोंडाशी लोखंडी गेट. कुलूप. घरत नावाचा एजंट खुर्ची टाकून बसलेला. वारलेल्या गोपाळकाकांची वरची जमीन त्यांच्या मुलाने मुंबईच्या कुणा शेटला विकली हे कानावर होतं. बंगले होणार म्हणे. पाखाडी त्याच जमिनीतून उतरते. घरत म्हणाला, "भाऊ, वाडी तुमची खाली. इथे वर तुमचं काय आहे?"
पटकन सांगता आलं नाही. म्हणून.

५ ऑक्टो.
वाडीला दुसरी वाट नाही. उत्तरेला कडा, पश्चिमेला खडक आणि समुद्र, दक्षिणेला खाडी. ओहोटी असेल तर खाडीच्या कडेने चिखलातून जाता येतं. पाऊण तास. पाखाडीने सात मिनिटं.
आज बायको आणि मी, दोघं चिखलातून गेलो. शालनचा डावा गुडघा आधीच सुजलेला. वाडीत पोचल्यावर पोफळीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता रोज असंच काय?"
सुपारी रंगावर यायला लागलीय. महिन्याभरात उतरवायला हवी. चढणारा पाडेली म्हणतो, चिखलातून मी यायचा न्हाय, पाय भरले की झाडावर धरत न्हाईत. त्याचंही खरं आहे.

८ ऑक्टो.
तलाठी. सातबाऱ्यात वाट नाही, नकाशात नाही. बावीस वर्षं माणसं चालली, ते कागदाला माहीत नाही. म्हणाले कोर्टात जा, वकील गाठा.
चहाच्या टपरीवर सगळे वकिलांना शिव्या घालतात, आणि प्रत्येकाच्या मोबाइलात एकाचा तरी नंबर असतो. माझ्या मोबाइलात नव्हता. त्याचा अभिमान होता.

९ ऑक्टो.
तालुक्याला. एसटी स्टँडपासून कोर्टापर्यंत वकिलांच्या पाट्या ३१. परत येताना पुन्हा मोजल्या. एकाची पाटी दोन ठिकाणी, म्हणजे माणसं ३०. एवढ्याशा गावात. मेडिकल दुकानं सहा आहेत.
आज चौघांकडे गेलो. पहिल्याने सगळं ऐकलं, चहा मागवला, मग शेटचं नाव निघालं. पेन खाली ठेवलं. त्यांचं एक काम आहे माझ्याकडे, म्हणाला. दुसरा, तेच. तिसऱ्याने दारातच ओळखलं. चौथा म्हणाला, उद्या या. उद्या गेलो की काय म्हणणार ते त्याच्या तोंडावर आजच होतं.

११ ऑक्टो.
आज पाच. एकूण नऊ. प्रत्येकाकडे शेटचं काहीतरी आहे. कुणाकडे एक नोटीस लिहायची, कुणाकडे जुना दस्त तपासायचा, कुणाला नुसता सल्ला द्यायचाय, तोही अजून विचारलेला नाही. पण कागद हातात आहे, त्यामुळे माझा घेता येत नाही.
शेवटी धाकट्या वकिलांकडे. वय सत्तर, पण त्यांचे वडील मोठे वकील होते, म्हणून हे अजून धाकटे. त्या मोठ्या वकिलांनीच बाचा कुळाचा दावा चालवला होता. वाडी त्यामुळेच नावावर. त्यांनी तरी उघड सांगितलं. म्हणाले, "दुकानातल्या सगळ्या सायकली एकानेच भाड्याने नेल्यात असं समज. त्याला चालवायच्या नाहीत. दुसऱ्याला मिळू नयेत एवढंच."
तुमची पण नेली काय, विचारलं. हसले. टेबलावर शेटचीच फाइल होती.
बा म्हणायचा, वकील म्हणजे हे. आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट करायचा. निळा कोट, हातात पुस्तक. घरात देव नव्हते, हा एक वकील होता.

१४ ऑक्टो.
नूरभाई आला होता, शेजारचा. कुवेतला एकोणीस वर्षं क्रेन चालवून आलेला. पुतण्या लंडनला. त्याच्याकडून माहिती: तिकडे वकिलांच्या दोन जाती. एक कागद लिहितो आणि तुमच्याशी बोलतो. दुसरा केसांचा टोप घालून मोठ्या कोर्टात उभा राहतो. दोघांची बिलं वेगळी.
कुवेतला काय, म्हटलं. म्हणाला, तिकडे कोर्टाची भाषा अरबी. त्याच्या मालकाने नोकरीवरून काढलं तेव्हा त्याची केस चालली. "माझ्याबद्दल दोन्हीकडचे काय बोलले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही रे. पण जिंकलो."
शालन आतून म्हणाली, "मग यांना पण अरबी शिकवा."
नूरभाई गेल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं.

१८ ऑक्टो.
ठरवलं. वकील नको. स्वतःचा दावा स्वतः चालवता येतो, कायद्यात बंदी नाही. कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. गवंडीकाम पुस्तकातून नाही शिकलो, हे शिकेन. तीन वेळा वाचलं. वाक्यं लांब आहेत, पण दर वाक्याला एक कळ असते, ती सापडली की सुटतं.
दावा लिहून काढला. पानं १४. नकाशा हाताने, प्रमाण धरून. प्रत्येक वळणाला माप.

२४ ऑक्टो.
दावा परत. कोर्टाचा कारकून म्हणाला समास कमी आहे, पानाच्या एकाच बाजूला लिहा, परिच्छेदांना नंबर हिरव्या शाईने नकोत. सगळं बरोबरच होतं त्याचं. मान खाली घालून बाहेर आलो. माझ्या कामात समास कमी निघाला.
कँटीनच्या कट्ट्यावर एक मुलगी काळ्या कोटात, मांडीवर हेल्मेट, वडापाव खात होती. हातातला नकाशा बघून म्हणाली, "काका, हा कुणी काढला?" मी, म्हटलं. म्हणाली, इथले सर्वेअर पण एवढा काढत नाहीत.
ॲड. मनीषा. म्हसळ्याकडची. सनद घेऊन दीड वर्ष. ऑफिस नाही, पाटी नाही, स्कूटरच्या डिकीत कोट. तिच्या वर्गातले बरेच जण बँकांच्या वसुलीला लागलेत, ही अजून कट्ट्यावर. मी घाबरतच शेटचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "मला कुणी काही दिलेलं नाही."
पाटी नाही म्हणून शेटला सापडली नाही.

२६ ऑक्टो.
वकीलबाई घरी आली. ओट्यावर बसून १४ पानं वाचली. मधे मधे मान डोलवत होती. नवव्या परिच्छेदावर थांबली. परत वाचला. मग माझ्याकडे बघितलं.
परिच्छेद ९ असा: 'वादी दरवर्षी सुपारीचा पहिला घड आणि एक नारळ घेऊन गोपाळकाकांच्या दारी जात असे व वाट चालू ठेवू का असे विचारत असे. ते चाल म्हणत. बावीस वर्षांत एकदाही तंटा झाला नाही. यासोबत वादीच्या रोजनिशीतील बावीस नोंदी जोडल्या आहेत.'
माझ्या मते दाव्यातला सगळ्यात भक्कम परिच्छेद.
ती म्हणाली, "काका, तुम्ही विचारायचात?"
"मग? दुसऱ्याच्या जागेतून न विचारता जायचं?"
मग तिने सावकाश सांगितलं. वीस वर्षं उघडपणे, न अडवता, आपला हक्कच आहे असं समजून कुणी वाट वापरली, तर ती वाट त्याची होते. पण परवानगी घेऊन वापरली तर कितीही वर्षं झाली तरी ती परवानगीच राहते. देणारा मेला, जमीन विकली, की संपली.
"म्हणजे न विचारता गेलो असतो तर झाली असती?"
"हो."
"विचारलं म्हणून नाही?"
शालनने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली.

२७ ऑक्टो.
बावीस वह्या काढल्या. बावीस नोंदी. जवळजवळ सगळ्या सारख्या. 'घड नेला. विचारलं. चाल म्हणाले.' एका वर्षी 'चाल की, विचारतोस काय' असं म्हणाले. एकदा काका आजारी, काकूंनी आतून सांगितलं. काका वारले त्यानंतरच्या वर्षी काकूंना विचारलं. त्याही चाल म्हणाल्या.
आमच्यात कुणी असं शिकवलेलं नाही. बा जायचा तेव्हा वाट नव्हती, दगडाधोंड्यांतून उतरायचा, आणि वरच्या अंगणातून गेला की आधी हाक द्यायचा, आलो म्हणून. हाक दिल्याशिवाय त्याला जाऊ देत नसत. मी हाक दिली नाही. मी दारात जाऊन, सरळ उभा राहून, विचारलं. मला तो मान वाटायचा. माझाही, त्यांचाही.

३० ऑक्टो.
धाकट्या वकिलांनी निरोप पाठवून बोलावलं. कोर्टात नाही, घरी. त्यांना कुठून तरी कळलेलं. मी तुझा वकील नाही, मी काही बोललो नाही, असं आधी दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "तो परिच्छेद काढ. वह्या भरतीच्या पाण्यात सोड. बावीस वर्षं चाललो, कुणी अडवलं नाही, एवढंच. गोपाळ उठून येणार नाही सांगायला."
खोटं होईल, म्हटलं.
"खोटं कुठे? कमी सांगायचं."
येताना एसटीत विचार. टपरीवर वकिलांबद्दल बोलतात ते हेच. पण हा माणूस शेटचा कागद बाजूला ठेवून मला वाचवायला बघत होता, तेही खरं. त्यांना वाईट म्हणवत नाही. शालनला सांगितलं. ती म्हणाली, "सोडा की मग पाण्यात. वह्यांनी सुपारी वाहून आणायची हाय काय?"
गुडघा शेकत बसली होती.

३१ ऑक्टो.
वकीलबाईला फोन. तुम्ही काय म्हणता, काढू का?
म्हणाली, "मी काढा म्हणणार नाही, ठेवा पण म्हणणार नाही. ठेवलं तर काय होतं आणि काढलं तर काय होतं, तेवढं मी सांगितलं. शपथपत्रावर सही तुमची असते, काका."
ठेवला.
कारण लिहून ठेवायला हवं, पण नीट लिहिता येत नाही. वाकडा चिरा भिंतीत लपवता येतो. पण बसवणाऱ्याला तो कुठे आहे ते रोज…

२ नोव्हें.
सकाळी सातला स्कूटर दारात. हातात पुस्तक, पानात एसटीचं तिकीट खूण म्हणून. वकीलबाई म्हणाली अजून एक कलम आहे. परवानगी मागे घेता येत नाही, जर परवानगी मिळालेल्याने तिच्यावर भरवसा ठेवून, स्वतःच्या खर्चाने, कायमचं काम केलं असेल.
"कायमचं काम म्हणजे?"
तिने गेटाकडे बोट केलं. पलीकडे पायऱ्या उतरताना दिसत होत्या.
म्हणजे विचारलं, त्यांनी हो म्हटलं, त्या शब्दावर मी बांधलं. तीन गोष्टी. विचारल्याची नोंद आता लपवायची नाही, तीच हवी. परिच्छेद ९ राहिला, खाली १० आला. मात्र जमीन विकल्यावर नव्या मालकाला हे लागू पडतं का, यावर वकिलांमध्ये दोन मतं आहेत म्हणाली. ती खोटी आशा लावत नाही. वय सव्वीस.
सिद्ध काय करायचं: काकांनी बांध म्हटलं, आणि मजुरी दिली नाही. मजुरी दिली असेल तर काम त्यांचं, मी नुसता गवंडी.
वही काढली. पाखाडीला हात घातला त्या वर्षीची नोंद: 'पाखाडी बांधतो म्हटलं. बांध म्हणाले. रोजमजुरी देऊ का विचारलं. नको म्हटलं, वाट मला हवी.' वकीलबाईने ती ओळ तीनदा वाचली. पण वही माझी, अक्षर माझं. दुसरं कुणी सांगणारं हवं. तेव्हा ओट्यावर तिघेच होतो. काका, काकू, मी.

९ नोव्हें.
पनवेल. काकू मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. घड नेला होता, यंदाचा पहिला, चिखलातून आणलेला. नारळ सोललेला. काकूंनी घड मांडीवर घेतला, वास घेतला.
"ती खालची चौथी पायरी नीट केलीस का रे?"
त्यांना आठवतं. पाखाडी पुरी झाली तेव्हा काठी घेऊन खालपर्यंत आल्या होत्या, तिथेच ठेचकाळल्या होत्या. मी म्हटलं नाही काकू, खाली खडक आहे. म्हणाल्या, "तुला रोज घे म्हणत होते हे. तू घेतला नाहीस. पाच वेळा चहा प्यायचास मात्र."
हेच कोर्टात सांगाल का, विचारलं.
मुलगा दारात उभा होता. नमस्कार नीट केला त्याने, बस म्हणाला, पण तिथून हलला नाही. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग घडाकडे.
"विक्रीच्या कागदावर माझी पण सही घेतलीय. आता उलट कशी बोलू. वाट त्यात गेली हे मला कुठे ठाऊक होतं."
निघताना सवयीने तोंडात आलं होतं, वाट चालू ठेवू का. विचारायचं कुणाला.

१५ नोव्हें.
दावा दाखल. समास बरोबर. गेट उघडून द्यावं म्हणून तात्पुरत्या हुकमाचा अर्जही सोबत. बावीस वह्यांच्या नकला. पुढली तारीख १२ डिसेंबर.

२ डिसें.
पाडेली आला शेवटी, दुप्पट रोजाने. पाच तासांच्या ओहोटीत जेवढं निघालं तेवढं. रोठा सुपारीचे चांगले घड निम्मे झाडावरच राहिले, ते गळणार. परतताना शालनचा पाय घसरला. टोपली चिखलात. ती बसली तशीच, कमरेपर्यंत. मी उचलायला गेलो तर हात झटकला. म्हणाली, "मला न्हाय, सुपारी उचला."
सगळी उचलली. समुद्राच्या पाण्यात धुतली. डाग राहणार.

१२ डिसें.
तारीख. लिहायचं नाही असं वाटतंय, पण नोंद चुकवलेली नाही आजवर.
शेटकडून मुंबईचे मोठे वकील. सोबत दोन ज्युनिअर, तीन बॅगा. आपली ती एकटी, एक पिशवी. आधी त्यांनी मला हात जोडले. आवाज चढवला नाही. माझ्या वह्यांच्या नकला काढल्या आणि एकामागून एक नोंदी वाचल्या. 'विचारलं. चाल म्हणाले. विचारलं. चाल म्हणाले.' सातव्या-आठव्या वेळी मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. ते वकीलच होते, तिसांपैकी.
वकीलबाई बोलली. कलम, पायऱ्या, भरवसा. एकही मुद्दा सुटला नाही.
मग न्यायाधीश साहेबांनी थेट मला विचारलं. तसं ते या टप्प्याला विचारत नाहीत म्हणे. "गोपाळरावांनी एखाद्या वर्षी नको म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"
मी म्हटलं, "नसतो गेलो, साहेब."
त्यांनी लिहून घेतलं. मोठे वकील खाली बसले, त्यांना पुढे बोलायची गरजच उरली नाही. वकीलबाईने डोळे मिटले, क्षणभर.
परतीची एसटी. तिसऱ्या थांब्याला, एक बाई कोंबडी घेऊन चढत होती तेव्हा, उरलेलं वाक्य सुचलं. नसतो गेलो साहेब, पण मग पायऱ्याही बांधल्या नसत्या. त्यांनी हो म्हटलं म्हणून बांधल्या.
एवढंच बोलायचं होतं. सगळा दावा त्या अर्ध्या वाक्यात होता. वकील कशाला लागतो ते कळलं. खोटं बोलायला नाही. खरं पुरतं बोलायला.

२० डिसें.
अर्ज फेटाळला. हुकमात माझं वाक्य जसंच्या तसं. अवतरणचिन्हात. दावा चालू राहील, पण निकालापर्यंत गेट बंद. वकीलबाई म्हणाली वरच्या कोर्टात अपील करू, आणि मूळ दाव्यात तुमची साक्ष होईल तेव्हा ते उरलेलं वाक्य बोला. किती वर्षांनी, विचारलं. ती म्हणाली, "मला सांगता येत नाही काका." घरी आलो. शालनने भाकरी वाढली.

९ जाने.
अपील दाखल. नूरभाई म्हणतो, "तुला मराठी कळते म्हणून हरलास. मी गप्प बसलो म्हणून जिंकलो." हसायला आलं नाही दोघांनाही.
फोटोची काच पुसली. त्या माणसाने कितीदा अर्धं वाक्य गिळलं असेल आणि कितीदा पुरतं बोलला असेल.

२१ जाने.
गळलेली सुपारी खाली कुजतेय. वरून, गेटातून, वास येतो. घरतने खुर्ची सावलीत सरकवलीय.

११ फेब्रु.
वरच्या कोर्टात पहिली तारीख होती. पुढे गेली. व्हरांड्यात मोठे वकील आले. तुमच्या वकील समोर आहेत म्हणूनच बोलतो, असं म्हणून बाकावर बसले, माझ्या शेजारी.
म्हणाले, "मी खाली उतरून पाहिलं. असं काम मी पाहिलेलं नाही. कुठे शिकलात?"
कुठे नाही, म्हटलं. पायऱ्या मोजल्यात का?
मोजल्या, म्हणाले. एकशे सहा.
सगळ्यात खालची वाळूत गेलीय, म्हटलं. एकशे सात.
एवढ्या महिन्यांत पायऱ्या मोजणारा हा पहिला माणूस. आमच्याकडच्या तिसांतला एकही खाली उतरला नाही. वकीलबाई उतरली असती, पण गेट बंद. तिला पायऱ्या वरूनच माहीत.
मग मुद्दा. त्या काळी गोपाळरावांनी तुम्हाला रोज दिलाच असेल, असं त्यांच्या अशिलाला वाटतं. तसं असेल तर एका कागदावर लिहून द्या. असेल तर, हे दोनदा म्हणाले. हुशार माणूस. आकडा तोंडाने नाही सांगितला, मोबाइलवर टाइप करून दाखवला.
म्हणजे वर कोर्टात आम्हाला कुठेतरी जागा आहे. नाहीतर ते आले नसते. वकीलबाईही तेच म्हणाली, नंतर. पण आधी म्हणाली, "काका, निर्णय तुमचा. खरं असेल तर मीच लिहून देते. खरं नसेल तर मी त्यावर सही करणार नाही. तुम्हाला दुसरा वकील मिळेल. आता कुणीही मिळेल."
आकडा बघितल्यावर पहिल्यांदा शालनचा गुडघा डोळ्यांसमोर आला. तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते सुचत नाही. ती म्हणेल, एक ओळ तर होती.
पुढली तारीख एप्रिलात.
नाही म्हणालो. कोणत्या गोष्टीला नाही म्हणालो ते कमी-जास्त न करता इथे असावं. देऊ केलं ते असं: वाडी माझ्याच नावावर राहील, वाट नाही. मी एवढंच लिहून सही करायची की सदर पाखाडी मी गोपाळरावांच्या रोजावर, मजूर म्हणून बांधली, व मजुरी पोचली.
रु. २५,००,०००. अक्षरी पंचवीस लाख फक्त.